डॉ. एगास मोनिझ

क्ष-किरणांनीं घेतलेलें हाताचें छायाचित्र आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. हाडें स्पष्ट दिसतात, मांस धुक्यासारखें दिसतें, आणि हाड मोडलें असल्यास तें कोठें मोडलें हें शाळेंतल्या मुलासहि सांगतां येतें. याच रीतीनें डोक्याचें छायाचित्र घेतलें तर काय दिसेल? कवटी दिसेल, दांत दिसतील, जबडा दिसेल. परंतु कवटीच्या आंत जो सुमारें तीन पौंड वजनाचा मेंदु आहे त्याचा मागमूसहि दिसणार नाहीं. प्रोफेसर राँटगेन यांनीं १८९५ सालीं हे किरण शोधून काढिले तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं, आतां शरीराचें सर्व अंतरंग उघडें झालें. तें तसें झालें नाहीं. जड द्रव्यांनीं बनलेला पदार्थ या किरणांस अडवितो, हलक्या द्रव्यांतून ते पार निघून जातात. हाडांत कॅल्शियम असतें म्हणून हाड उठून दिसतें. मेंदु, त्यांतून वाहणारें रक्त आणि त्यांत वाढलेली गांठ हीं मात्र किरणांच्या दृष्टीनें जवळजवळ सारखींच. म्हणून तीं एकमेकांपासून वेगळीं ओळखूं येत नाहींत.

ही अडचण लहान नव्हती. डोकेंदुखी, वांति, दृष्टि मंद होणें, एखादा हात किंवा पाय लुळा पडणें अशा लक्षणांवरून मेंदूंत गांठ झाल्याचा संशय वैद्यास येई. पण ती नक्की कोठें आहे हें न कळतां शस्त्रवैद्यानें कवटी कोणत्या बाजूस उघडावी? जागा चुकली तर रोग्याचा प्राण जाण्यास गांठीची गरजच उरत नसे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. वॉल्टर डँडी यांनीं १९१८ सालीं एक युक्ति काढिली. मेंदूच्या आंत पाण्यासारख्या द्रवानें भरलेल्या पोकळ्या असतात. तो द्रव काढून त्या जागीं हवा भरावयाची. हवेमुळें पोकळीचा आकार छायाचित्रांत उमटे, आणि ती दबलेली किंवा सरकलेली दिसली म्हणजे गांठ कोणीकडे आहे याचा अंदाज बांधतां येई. युक्ति चांगली, पण तीपायीं कवटीस भोंक पाडावें लागे, रोग्यास अतिशय यातना होत, आणि कांहीं रोगी दगावतहि.

याहून बरा मार्ग ज्यांनीं शोधिला ते पोर्तुगालचे डॉ. एगास मोनिझ. त्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों तें केवळ या शोधासाठीं नव्हे. याच गृहस्थांनीं आठ वर्षांनंतर दुसरें एक काम केलें. त्याचा गाजावाजा पहिल्याहून अधिक झाला, त्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, आणि आज त्याचें नांव काढिलें तरी वैद्य मंडळी मान खालीं घालते. एकाच मनुष्याच्या हातून हीं दोन्ही कामें कशीं झालीं, हें आम्हांस पहावयाचें आहे.

मोनिझ यांचा जन्म पोर्तुगालच्या उत्तर भागांतील आवांका नांवाच्या खेड्यांत २९ नोव्हेंबर १८७४ रोजीं एका जमीनदार घराण्यांत झाला. त्यांचें मूळचें नांव आंतोनियो काएतानो द आब्रेउ फ्रेइरे. एगास मोनिझ हा बाराव्या शतकांतील एक पोर्तुगीज वीर पुरुष, त्या देशाच्या पहिल्या राजाचा पालक. आपलें कूळ त्याच्यापासून निघालें अशी मुलाच्या चुलत्यांची समजूत होती. हे चुलते पाद्री असून मुलाचे धर्मपिताहि होते, व त्यांच्याच आग्रहानें हें नांव पुढें जोडलें गेलें. वंशावळीची ही गोष्ट खरी असो वा नसो, नांव मात्र चिकटलें, आणि जग त्यांस त्याच नांवानें ओळखतें.

कोइंब्रा येथील प्राचीन विद्यापीठांतून १८९९ मध्यें त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली. नंतर फ्रान्समध्यें बोर्दो व पॅरिस येथें जाऊन ज्ञानतंतूंच्या रोगांचा अभ्यास केला. १९०२ मध्यें ते कोइंब्रा येथें प्राध्यापक झाले, व १९११ मध्यें लिस्बनच्या विद्यापीठांत ज्ञानतंतुशास्त्राची गादी नव्यानें स्थापन झाली तिच्यावर त्यांची नेमणूक होऊन १९४४ पर्यंत ते त्या जागीं होते. परंतु या काळांतील बरींच वर्षें त्यांचें लक्ष वैद्यकाहून राजकारणाकडेच अधिक होतें. ते कायदेमंडळाचे सभासद झाले, मतांपायीं तुरुंगांतहि गेले, १९१७ मध्यें स्पेनमध्यें पोर्तुगालचे वकील व १९१८ मध्यें परराष्ट्रमंत्री झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतर पॅरिस येथें तहाची जी परिषद भरली तींत आरंभीं आपल्या देशाच्या शिष्टमंडळाचे नेते होते. १९१८ च्या डिसेंबरांत त्यांच्या पक्षाचे अध्यक्ष सिदोनियो पाइश यांचा खून झाला व पारडें फिरलें. लवकरच मोनिझ यांनीं राजकारण सोडिलें. पंचेचाळिशीच्या घरांत आलेला, मंत्रिपद भोगलेला मनुष्य पुन्हां इस्पितळाच्या पायऱ्या चढूं लागला. त्यांची खरी कीर्ति ज्यावर उभी आहे तें सर्व यानंतरचें आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. वयाच्या चोविसाव्या वर्षापासून त्यांस वातरक्ताची व्याधि होती, व तिनें त्यांच्या हातांचीं बोटें वांकडीं झालीं होतीं. सुई किंवा सुरी धरणें त्यांस कठीणच. यास्तव पुढें जे जे प्रयोग झाले त्यांत डोकें मोनिझ यांचें आणि हात त्यांचे तरुण सहकारी डॉ. पेद्रो आल्मैदा लीमा यांचे, असा प्रकार होता.

आमच्या वाचकांस त्यांच्या एका पुस्तकाविषयीं ऐकून कुतूहल वाटेल. १९२५ मध्यें मोनिझ यांनीं लिस्बन येथें एक चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याचा नायक होता गोमंतकांतील बारदेश महालाच्या कांदोळी गांवीं १७५६ सालीं जन्मलेला पाद्री, आबे फारिया. पणजीस जुन्या राजवाड्याशेजारीं एका स्त्रीवर हात उगारून उभा असलेला जो पुतळा आहे, तो याच फारियांचा. फारिया पॅरिसमध्यें लोकांस मोहनिद्रा आणून दाखवीत. त्या काळीं असा समज होता कीं, मोहनिद्रा घालणाऱ्याच्या शरीरांतून कांहीं चुंबकासारखा प्रवाह निघून दुसऱ्याच्या शरीरांत शिरतो. फारियांनीं सांगितलें कीं प्रवाह वगैरे कांहीं नाहीं. जें घडतें तें निजणाऱ्याच्या स्वतःच्या मनांत, त्याच्या विश्वासानें व अपेक्षेनें घडतें. लोकांनीं त्यांची थट्टा केली व १८१९ मध्यें ते दारिद्र्यांत वारले. शंभर वर्षांनंतर त्यांस शास्त्राच्या इतिहासांत त्यांची जागा देण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत मोनिझ प्रमुख होत. रोग्याची अपेक्षाच पुष्कळदां गुण देते, हा फारियांचा धडा मोनिझ यांच्याइतका चांगला फार थोड्या वैद्यांस ठाऊक होता. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं हें विसरूं नये.

आतां छायाचित्रांकडे वळूं. १९२६ च्या सुमारास मोनिझ यांच्या मनांत आलें कीं, मेंदु दिसत नसला तरी मेंदूंतील रक्तवाहिन्या दिसूं शकतील. मेंदूंत धमन्यांचें जें जाळें आहे त्याच्या मुख्य शाखांची रचना सर्व मनुष्यांत बहुतांशीं सारखी असते. गांठ वाढली कीं ती या शाखांस ढकलून बाजूस सारणार; नदीच्या पात्रांत मोठी धोंड पडली तर प्रवाह वळसा घेतो तसेंच हें. तेव्हां क्ष-किरणांस अडविणारा एखादा द्रव मानेंतील मोठ्या धमनींत सोडावा, तो रक्ताबरोबर मेंदूंत पोंचतो त्याच क्षणीं छायाचित्र घ्यावें, आणि कोणती शाखा कोठें सरकली आहे तें पहावें. सांगावयास हें सोपें आहे. पण द्रव कोणता? तो किरणांस अडविण्याइतका जड हवा, पण रक्तांत गुठळी करणारा नको; विषारी नको; आणि क्षणार्धांत वाहून जाणारा असल्यामुळें थोडक्यांत ठळक दिसणारा हवा.

येथें मोनिझ यांनीं जी शिस्त पाळिली ती पाहून आम्हांस आदर वाटतो. त्यांनीं निरनिराळ्या क्षारांचे द्रव घेऊन कोणता किती उठून दिसतो तें तपासलें. कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रेतांच्या धमन्यांत द्रव भरून छायाचित्रें घेतलीं व निरोगी मेंदूंत कोणती धमनी कोठून जाते याचा नकाशाच तयार केला; कारण सरळ वाट कोणती हें ठाऊक असल्यावांचून वांकडी वाट ओळखतां येत नाहीं. एवढें झाल्यावर मग जिवंत रोगी. पहिल्यानें ब्रोमाइड वापरिलें. छायाचित्रें नीट उठेनात, रोग्यांस वेदना होत, आणि एक रोगी मेला. मोनिझ यांनीं ब्रोमाइड सोडून दिलें. ब्रोमीनचा परमाणुभार ८० च्या सुमारास, आयोडीनचा १२७. म्हणजे आयोडीनचा द्रव पुष्कळ पातळ केला तरी किरण अडवील, आणि पातळ असल्यामुळें धमनीस कमी जाचेल. या विचारानें त्यांनीं सोडियम आयोडाइडचा शेंकडा २५ प्रमाणाचा द्रव घेतला.

२८ जून १९२७ रोजीं वीस वर्षांच्या एका तरुणावर हा प्रयोग झाला. त्यास मेंदूच्या तळाशीं असलेल्या पोषणिका ग्रंथीची गांठ होती. आल्मैदा लीमा यांनीं मानेंतील धमनी उघडी करून द्रव सोडिला, आणि कांचेवर मेंदूच्या धमन्या उमटल्या, त्याहि गांठीनें आपल्या जागेवरून ढकललेल्या. जिवंत मनुष्याच्या मेंदूंतील रक्ताची वाट याप्रमाणें डोळ्यांनीं दिसली. नऊच दिवसांनीं, ७ जुलै रोजीं, मोनिझ यांनीं पॅरिसच्या ज्ञानतंतुशास्त्र मंडळापुढें हें छायाचित्र ठेविलें.

यानंतर लिस्बन हें या विद्येचें माहेरघरच झालें. १९२९ मध्यें रेनाल्दो दुश सांतुश यांनीं पोटांतील महाधमनीचें छायाचित्र घेतलें, १९३१ मध्यें लोपो द कार्व्हाल्यो यांनीं फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचें. मोनिझ यांचे सहकारी पेरेरा कॉल्दाश यांनीं एक फिरतें यंत्र बनविलें. त्यावर कांचा लागोपाठ बदलत जात, त्यामुळें द्रव आधीं धमन्यांत, मग सूक्ष्म वाहिन्यांत, मग शिरांत कसा जातो हें क्रमानें पाहतां येऊं लागलें. मेंदूंतील गांठी छायाचित्रांवरून कशा ओळखाव्या यावर मोनिझ यांनीं १९३१ मध्यें फ्रेंच भाषेंत मोठा ग्रंथ लिहिला. नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव १९२८ पासूनच सुचविलें जाऊं लागलें होतें, पण या शोधाबद्दल तें त्यांस केव्हांहि मिळालें नाहीं. आमच्या मतें मिळावयास हवें होतें तें याच्याबद्दल.

या उजळ पानावरहि एक डाग आहे. आयोडाइडचा दाह होई म्हणून १९३१ पासून ते थोरोट्रास्ट नांवाचा द्रव वापरूं लागले. छायाचित्रें सुरेख येत, रोग्यास वेदना नसे, सगळ्या जगानें तो उचलला. परंतु त्यांत थोरियम होतें. थोरियम किरणोत्सर्गी आहे हें १८९८ पासून माहीत होतें, व कांहींनीं सावधगिरीची सूचनाहि दिली होती. हें द्रव्य शरीराबाहेर पडत नाहीं. यकृतांत व प्लीहेंत तें जन्मभर बसून राहतें. वीस-तीस वर्षांनीं त्या रोग्यांपैकीं कित्येकांस यकृताचा कर्करोग झाला. छायाचित्र चांगलें आलें हें त्याच दिवशीं कळलें. त्याची किंमत कळावयास एक पिढी लागली.

आतां दुसरें काम. १९३५ च्या उन्हाळ्यांत लंडन येथें ज्ञानतंतुशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तींत अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे फुल्टन व जेकबसन यांनीं बेकी आणि लूसी नांवाच्या दोन चिंपांझी माद्यांची हकीकत सांगितली. त्यांच्या मेंदूचा कपाळामागील भाग दोन्ही बाजूंनीं काढून टाकला होता. पूर्वीं उत्तर चुकलें कीं आकांततांडव करणारी बेकी त्यानंतर शांत झाली. पण तिला पूर्वीं येत असलेलीं कांहीं कामें आतां येईनात. लूसीच्या स्वभावांत मात्र उलटा फरक दिसला होता. सभेंत मोनिझ बसले होते. कल्पना येथें सुचली कीं आधींच मनांत होती, याविषयीं पुढें मतभेद झाला. त्यांचा तर्क असा होता कीं, कित्येक वेड्या मनुष्यांत एकच विचार पुनःपुन्हां घोळत राहतो, त्या अर्थीं मेंदूंतील तंतूंची जोडणीहि ताठर व कायमची झालेली असली पाहिजे. ते तंतु तोडले तर विचार मोकळा होईल. अशी ताठर जोडणी कोणाहि वेड्याच्या मेंदूंत कोणी पाहिली नव्हती. ज्यानें आठ वर्षांपूर्वीं प्रत्येक धमनी कांचेवर पाहिल्यावांचून पुढें पाऊल टाकलें नव्हतें, त्यानेंच आतां न पाहिलेल्या वस्तूवर सुरी चालविण्याचें ठरविलें.

१२ नोव्हेंबर १९३५ रोजीं लिस्बनच्या सांता मार्ता इस्पितळांत पहिली शस्त्रक्रिया झाली. रोगी उदासीनतेनें ग्रासलेली एक वृद्ध स्त्री होती. आल्मैदा लीमा यांनीं कवटीस दोन भोंकें पाडून मेंदूच्या पुढील पांढऱ्या भागांत मद्यार्क सोडिला, हेतु हा कीं तेथील तंतु मरावे. कांहीं रोग्यांनंतर मद्यार्काच्या जागीं एक बारीक उपकरण आलें. त्यांतून निघणाऱ्या तारेच्या फांसानें तंतु कापीत. या क्रियेस त्यांनीं लूकोटमी असें ग्रीक नांव दिलें, म्हणजे पांढऱ्या भागाचें छेदन. याप्रमाणें वीस रोगी झाले, आणि १९३६ च्या मार्च महिन्यांत मोनिझ यांनीं पॅरिस येथें निकाल जाहीर केला: सात बरे झाले, सात सुधारले, सहा होते तसेच राहिले. मेला कोणी नाहीं.

हे आंकडे आम्ही वाचकांस जरा थांबून पाहण्याची विनंति करतों. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत चार महिनेहि होत नाहींत; म्हणजे सर्वांत जुन्या रोग्याससुद्धां चार महिन्यांहून अधिक काळ कोणी पाहिलें नव्हतें, आणि शेवटच्यांस तर कांहीं आठवडेच. बरा झाला असें ठरविणारे कोण, तर ज्यांनीं शस्त्रक्रिया योजिली तेच व त्यांचे साहाय्यक. उदासीनतेचे रोगी पुष्कळदां आपोआप बरे होतात. तसे यांत किती होते? ज्यांवर शस्त्रक्रिया केली नाहीं असे तशाच लक्षणांचे वीस रोगी शेजारीं ठेवून तुलना केली होती काय? केली नव्हती. आणि नव्या इस्पितळांत नेलें, प्रख्यात प्राध्यापकांनीं जातीनें चौकशी केली, एवढ्यानें किती रोग्यांचें मन उभारी धरतें? हा प्रश्न तर फारियांच्या चरित्रकारासच प्रथम सुचावयास हवा होता. धमन्यांच्या छायाचित्रांत चूक झाली तर ती लपत नसे. शस्त्रवैद्य कवटी उघडी आणि गांठ तेथें आहे वा नाहीं हें दिसे. मनाच्या बाबतींत अशी कवटी उघडून पाहण्याची सोय नाहीं, म्हणून तेथें मोजण्याची काळजी दुप्पट घ्यावयास पाहिजे होती. ती निम्मीहि घेतली गेली नाहीं.

हें सांगणारा मनुष्य लिस्बनमध्येंच होता. मानसरोगांचे प्राध्यापक सोब्राल सीद यांनीं आरंभीचे रोगी आपल्या वेड्यांच्या इस्पितळांतून मोनिझ यांच्याकडे पाठविले होते. परत आल्यावर त्यांनीं ते जवळून पाहिले, आणि त्यांचें मत झालें कीं हे रोगी बरे झाले नसून कमी झाले आहेत. त्यांच्यांतील माणूस खालावला आहे. शांत झालेला रोगी आणि बरा झालेला रोगी एक नव्हे. त्यांनीं आणखी रोगी देण्याचें नाकारलें. त्यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. आम्हांस तें मुद्दाम घ्यावेंसें वाटतें.

परंतु न्याय करावयाचा तर त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांची स्थितीहि सांगितली पाहिजे. खाटांपेक्षां रोगी अधिक, औषध म्हणून जवळजवळ कांहीं नाहीं, वर्षानुवर्षें ओरडणारे, स्वतःस इजा करून घेणारे, अन्न टाकणारे लोक, आणि घरचीं माणसें दारांत उभीं. कांहीं तरी करा, असें सर्वच म्हणत होते. मोनिझ क्रूर नव्हते. ते घाईंत होते. साठी उलटली होती, पहिल्या शोधास मान मिळाला पण मुख्य पारितोषिक मिळालें नव्हतें, हेंहि कारण असूं शकेल. तें त्यांच्या मनांत किती होतें हें आम्ही ठरवूं इच्छीत नाहीं.

१९३६ च्या सप्टेंबरांतच अमेरिकेंत वॉल्टर फ्रीमन व जेम्स वॉट्स यांनीं ही क्रिया सुरू केली. १९४१ मध्यें त्यांनीं ती एका तेवीस वर्षांच्या मुलीवर केली. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांची ही बहीण रोझमेरी. त्यानंतर तिला धड चालतां-बोलतां येईना, व २००५ मध्यें मृत्यु येईपर्यंत ती दुसऱ्यांच्या आधारानेंच जगली. १९४६ पासून फ्रीमन डोळ्याच्या खोबणींतून अणकुचीदार शलाका घालून कांहीं मिनिटांत काम उरकूं लागले. अमेरिकेंत अशा शस्त्रक्रिया सुमारें ४०,००० झाल्या असें म्हणतात. इंग्लंड व वेल्समध्यें १९४२ ते १९५४ या काळांत १०,३६५ रोग्यांवर ती झाल्याची सरकारी मोजणी आहे. कांहींस खरोखर आराम पडला, कित्येक कायमचे मंद व निरुत्साही झाले, कांहीं मेले. रशियानें १९५० मध्यें तिच्यावर बंदी घातली.

मोनिझ यांस नोबेल पारितोषिक १९४९ मध्यें मिळालें, स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांच्याबरोबर वांटून. मोनिझ यांच्या वांट्यास तें आलें तें लूकोटमीबद्दल. येथें एक योगायोग सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९४८ मध्यें, इंग्लंडांत क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला होता. त्यांत १०७ क्षयरोगी घेतले. कोणास औषध द्यावयाचें व कोणास केवळ विश्रांति, हें वैद्याच्या इच्छेवर न सोडतां आधींच चिठ्ठ्यांच्या पद्धतीनें ठरवून बंद पाकिटांत ठेविलें होतें. औषध मिळालेले ५५, न मिळालेले ५२. सहा महिन्यांत पहिल्यांतील ४ मेले, दुसऱ्यांतील १४. आणि छातीचीं क्ष-किरण छायाचित्रें ज्यांनीं तपासलीं त्यांस कोणतें छायाचित्र कोणत्या गटांतलें आहे हें मुळींच सांगितलें नव्हतें. आमच्या विद्यार्थ्यांस हें चटकन् समजेल; मॅट्रिकच्या उत्तरपत्रिकेवर नांव नसून नंबर असतो तो याचसाठीं. परीक्षक कितीहि सज्जन असला तरी नांव दिसलें कीं त्याचा हात हलका किंवा जड होतो. वीस रोग्यांच्या आंकड्यांवर ज्या वर्षीं पारितोषिक दिलें गेलें, त्या वर्षीं आंकडे कसे जमवावे याचा नमुना वैद्यकीय जगापुढें छापून तयार होता.

पारितोषिकाच्या दहा वर्षें आधीं, १९३९ च्या मार्चमध्यें, एका मानसिक रोग्यानें मोनिझ यांच्या खोलींत शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चौसष्टाव्या वर्षीं इतक्या जखमा होऊनहि ते बचावले. हा रोगी लूकोटमी झालेला होता व त्यानें सूड घेतला, अशी कथा पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. ती खरी नाहीं. त्यावर अशी शस्त्रक्रिया झालेलीच नव्हती. कथा सुबक आहे म्हणून ती पसरली, इतकेंच.

१९५२ मध्यें पॅरिसच्या दले व देनिकर या वैद्यांनीं क्लोरप्रोमाझिन हें औषध मानसिक रोगांवर वापरलें, आणि पुढील कांहीं वर्षांत लूकोटमी मागें पडली. सुरीनें जें दांडगाईनें होई तें गोळीनें पुष्कळ अंशीं होऊं लागलें, व गोळी बंद करतां येत होती. मोनिझ १३ डिसेंबर १९५५ रोजीं लिस्बन येथें वारले. १९८९ मध्यें पोर्तुगालनें आपल्या दहा हजार एस्कुदोंच्या नोटेवर त्यांचें चित्र छापिलें. उलटपक्षीं, शस्त्रक्रिया झालेल्या कित्येकांच्या नातलगांनीं त्यांचें पारितोषिक मागें घ्यावें अशी मागणी केली. तें घेतलें गेलें नाहीं.

त्यांच्या पहिल्या शोधाचें काय झालें? १९५३ मध्यें स्वीडनच्या सेल्डिंगर यांनीं मान न कापतां मांडींतील धमनींतून बारीक नळी वर नेण्याची रीत काढिली, त्यामुळें प्रयोग पुष्कळ सौम्य झाला. १९७१ मध्यें लंडनच्या एका इस्पितळांत हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें मेंदूचे थर-थर छायाचित्रांत दाखविले, व गांठ शोधण्यासाठीं धमनींत द्रव सोडण्याची गरज बहुतेक संपली. पण धमन्यांची छायाचित्रें गेलीं नाहींत. मेंदूकडे जाणाऱ्या धमनींत गुठळी अडकून मनुष्याचें अर्धें अंग एकाएकीं लुळें पडतें, तेव्हां आजहि मोठ्या इस्पितळांत मांडींतून नळी वर नेतात, आयोडीनयुक्त द्रव सोडतात, पडद्यावर धमनीचें झाड उमटतें, आणि ज्या ठिकाणीं एखादी फांदी तुटल्यासारखी दिसते तेथें जाऊन गुठळी ओढून काढतात. वेळीं पोंचलेला रोगी कधीं कधीं त्याच खाटेवर पुन्हां हात हलवूं लागतो.